महागडी फ्रेंच रेड घरी उघडली की दरवेळी कडूच का लागते?

"तुझी ती पंचेचाळीस युरोची वाइन काल उघडली. नुसता काढा. गवती चहा आणि तुळस टाकायचीच बाकी होती."

दाजींचा हा निरोप एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आला. मी फ्रान्समधल्या बोर्दोत राहायला आल्यापासून असे निरोप वर्षाला तीन-चार तरी येतात. सुट्टीला पुण्याला जाताना बाटल्या नेतो (ड्यूटी न भरता माणशी दोन लिटरच नेता येतात, म्हणजे हिशेबाने दोनच बाटल्या), त्या घरच्यांना देतो आणि पुढच्या काही महिन्यांत एकेक तक्रार येते. कडू आहे. घसा जळला. वासच नाही. याच्यापेक्षा आपली नाशिकची काय वाईट?

त्याच पेटीतल्या उरलेल्या बाटल्या आम्ही इथे पितो तेव्हा त्या छान लागतात. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की पुण्याच्या मंडळींना सवय नाही. तो माझा शहाणपणा होता, आणि चुकीचा होता. सवयीचा संबंध थोडासाच. बहुतेक वेळा बाटली चुकीच्या तापमानाला, चुकीच्या वयात किंवा चुकीच्या ताटाबरोबर उघडलेली असते, आणि क्वचित ती खरोखरच बिघडलेली असते. यातलं कोणतं, ते फोनवरूनही बऱ्यापैकी ओळखता येतं. अट एकच: "वाईट लागली" यापेक्षा थोडं जास्त सांगायला हवं.

कडू की तुरट?

दाजींना मी हेच विचारलं तर ते वैतागले. "कशी लागली म्हणजे? वाईट लागली!"

"दाजी, कारलं आठवा आणि कच्चं केळं आठवा. यातलं कुठलं?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "केळं. पण घशात जळजळही झाली."

झालं, निम्मं निदान इथेच झालं. आपल्याकडे तुरट हा सुटसुटीत शब्द रोजच्या वापरात आहे, तरी वाइनच्या बाबतीत आपण सगळ्याला कडूच म्हणतो. तुरटपणा ही खरं तर चव नाहीच, तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या-गाल कोरडे पडल्यासारखे होतात. जांभूळ, डाळिंबाची साल, कोवळी सुपारी, फार उकळलेला कोरा चहा, सगळीकडे हाच प्रकार. चहात दूध घातलं की तो मऊ का लागतो? टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं आणि आपल्या हिरड्यांना सोडतं. हे लक्षात ठेवा, पुढे ताटाच्या वेळी लागणार आहे.

बोर्दोच्या डाव्या तीरावरची वाइन, म्हणजे जिरोंद खाडीच्या पश्चिमेच्या मेदोक भागातली पोयाक, मार्गो, साँ-जुलियाँ, साँ-तेस्तेफ ही गावं, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्योंची असते. जाड सालीचं बारीक द्राक्ष, त्यावर २२५ लिटरच्या ओक लाकडी पिंपात वर्ष-दीड वर्ष मुक्काम. ती तरुणपणी तुरट असणारच, आणि त्याच टॅनिनच्या जोरावर ती पुढे वीस वर्षं टिकते. उजव्या तीरावर, साँ-तेमिलियों आणि पोमेरोलला, मर्लो हे द्राक्ष जास्त. त्याची वाइन लवकर मवाळ होते. भेट म्हणून कोणाला द्यायची आणि तो माणूस ती महिन्याभरात उघडणार हे ठाऊक असेल, तर उजव्या तीराची द्या. मी दाजींना पोयाक दिली होती, तीही चार वर्षांची. म्हणजे पहिली चूक देणाऱ्याची.

आधी थर्मामीटर, मग बाकीचं

"बाटली होती कुठे?"

"फ्रिजवर."

"फ्रिजच्या आत?"

"आत कशाला? रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असते. तूच सांगितलंस."

मीच सांगितलं असणार. जगात या एका वाक्याने जितक्या बाटल्या वाया गेल्या असतील तितक्या बुरशीनेही गेल्या नसतील. फ्रेंचमध्ये याला शांब्रे म्हणतात, म्हणजे खोलीला आणलेली. पण ही खोली सेंट्रल हीटिंग येण्याआधीची. दगडी भिंती, अंगावर लोकरीचा कोट, आणि जेवणघरात फार तर १६ ते १८ अंश. तळघरात १२ अंशांवर असलेली बाटली तिथे आणून ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. एप्रिलमधल्या पुण्यातल्या स्वयंपाकघराशी त्या खोलीचं काही नातं नाही.

बोर्दो १६ ते १८ अंशांवर, फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली पिनो न्वार द्राक्षाची वाइन त्याहून थोडी गार, १४ ते १६ वर. याच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास मागे पडतो आणि घसा जळतो. दाजींची जळजळ ती हीच. खूप गार केली तर उलटा त्रास: ८-१० अंशांवर वास झोपतो आणि टॅनिन आणखी टोचतं. त्यामुळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून थेट ओतलेली रेडही "कडू" म्हणूनच बदनाम होते.

विश्वास बसत नसेल तर मी केलं ते करून बघा. एकाच बाटलीतून दोन ग्लास भरले. एक १७ अंशांवर ठेवला, दुसरा कोमट पाण्याच्या वाडग्यात उभा करून २८ पर्यंत नेला. दुधात घालतो तो सळईचा थर्मामीटर वापरला. काही न सांगता दोन्ही ग्लास बायकोपुढे ठेवले. तिने दुसरा हुंगला, एक घोट घेतला आणि विचारलं, "ही कुठली स्वस्तातली आणलीस?"

पुण्या-मुंबईत उन्हाळ्यात काय करायचं, तर ३० अंशांची बाटली साध्या फ्रिजमध्ये दीड ते दोन तास. पाहुणे दारात असतील तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि आठ-दहा मिनिटं. नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी हवंच, कारण बाटलीला चहूबाजूंनी लागतं ते पाणी. १५-१६ वर ओता. गरम खोलीत ग्लासातली वाइन पंधरा मिनिटांत चार-पाच अंश सहज चढते, म्हणून थोडी खालून सुरुवात केलेली बरी. आणि ग्लास एक तृतीयांशच भरा. त्यात कंजुषी नाही, वरची मोकळी जागा वासासाठी आहे आणि थोडी ओतली तर ती तापायच्या आत संपते.

तापमान दुरुस्त झालं आणि तरीही तुरट

मग तीन कारणं उरतात: वय, हवा, ताट.

वयाचं असं. टॅनिनचे छोटे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना जोडून मोठे होतात, रंगद्रव्याबरोबर साखळ्या करतात आणि शेवटी गाळ होऊन खाली बसतात. म्हणून जुनी वाइन मऊ लागते आणि तिचा जांभळा रंग कडेने विटकरी होत जातो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड बघा, वयाचा अंदाज येतो. साधी बोर्दो तीन ते सहा वर्षांत प्यावी, चांगली मेदोक आठ ते पंधरात, आणि १८५५ च्या वर्गवारीतल्या नामवंत घरांची मोठ्या सालातली (म्हणजे द्राक्षाचं पीक उत्तम आलं त्या वर्षातली) बाटली वीस-पंचवीस वर्षंही थांबते. ही वर्गवारी तिसऱ्या नेपोलियनच्या काळातल्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून केली होती. त्यानंतर पहिल्या श्रेणीत भर पडली ती एकदाच, १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्ड या घराची. ज्याने महाग घेतली त्याला वाटतं आजच उत्तम लागेल. होतं नेमकं उलट: जितकी मोठी बाटली तितकी ती कच्ची असताना जास्त टोचते. स्वस्त बाटली आज प्यायलाच बनवलेली असते.

साल बघायची सवय लावा. २००५, २०१० आणि २०१६ ही दणकट सालं, यातल्या मोठ्या बाटल्यांना वेळ लागतो. २०१३ थंड आणि ओलं गेलं, वाइन हलक्या झाल्या, लवकर पिण्याजोग्या. नावाच्या झगमगाटावर जाऊ नका. "साँ-तेमिलियों ग्राँ क्रू" असं लिहिलेलं असतं ती श्रेणी नसून नुसता उत्पादनाचा प्रकार आहे. पुढे "क्लासे" हा शब्द असेल तर ती वर्गवारीतली. मी पहिल्या वर्षी यात फसलो आहे.

आणखी एक विचित्र टप्पा असतो, त्याला इथे फेर्मे म्हणतात, मिटलेली. बाटलीत भरल्यावर पहिली दोन-तीन वर्षं फळाचा वास भरपूर, मग काही वर्षं बाई तोंड मिटून बसतात: वास नाही, चव नाही, नुसता तुरटपणा. पुढे पुन्हा उघडतात. या टप्प्यात बाटली सापडली तर ती नासलेली नाही. दुसरी असेल तर तीन-चार वर्षं हात लावू नका.

हवेबद्दल भांडणं आहेत. बूच काढून बाटली तासभर उभी ठेवणं ही निव्वळ औपचारिकता; नळकांड्याएवढ्या तोंडातून हवेला शिरायला जागा किती? तरुण आणि तुरट वाइन सुरईत ओता, एक ते तीन तास ठेवा, दर अर्ध्या तासाने घोटभर चाखा. सुरई नसली तर काचेचा स्वच्छ जगही चालतो. एमिल पेनो हे बोर्दोतलं वाइनशास्त्रातलं मोठं नाव (१९१२-२००४) मात्र याच्या विरोधात होतं. त्यांचं मत असं की सुरईत ओतायचं ते गाळ वेगळा करण्यापुरतं, तेही वाढायच्या तोंडावर. लांबलेल्या हवेने वास उडतो. जुन्या बाटल्यांबाबत मला त्यांचं शंभर टक्के पटतं. चार वर्षांच्या पोयाकबाबत मी त्यांचं न ऐकता दोन तास ठेवतो.

आणि ताट. दाजींनी त्या रात्री काय खाल्लं होतं? तांबडा रस्सा. मिरचीने तोंड पेटलेलं असताना अल्कोहोल आणखी जाळतं आणि टॅनिन खरखरीत लागतं; त्यात वाइनचा दोष नाही आणि रश्श्याचाही नाही, दोघांना शेजारी बसवणाऱ्याचा आहे. इथे पोयाकच्याच कोवळ्या मेंढीचं मांस या वाइनबरोबर खातात, मीठ-मिरी-लसूण एवढंच लावून. कारण तेच, चहातल्या दुधाचं: मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला कामाला लावतात. आपल्याकडचं विचाराल तर कोल्हापूरचा पांढरा रस्सा उत्तम जमतो, मी करून पाहिलंय. बिनतिखटाचं मटण सुकं, कडक चीज, भाजलेले मश्रूमही. बांगडा मात्र नको. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाबरोबर जुळलं की तोंडात धातूसारखा, शिळ्या माशाचा वास राहतो आणि मग शिव्या वाइनला आणि बांगड्याला, दोघांनाही बसतात.

कुबट वास: इथे काही इलाज नाही

आता खरे बिघाड. पहिला आणि नेहमी भेटणारा म्हणजे बुचाचा वास. फ्रेंचमध्ये अशा बाटलीला बुशोने म्हणतात. ओळखायला मराठी माणसाला शिकवणी लागत नाही. जुलैत माळ्यावरून काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं, भिजून वाळलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आपण त्याला कुबट म्हणतो, आणि तोच नेमका शब्द आहे.

कारण आहे २,४,६-ट्रायक्लोरोअॅनिसोल, म्हणजेच टीसीए. बुचातल्या बुरशीने क्लोरीनयुक्त पदार्थांवर काम केलं की हे तयार होतं. हान्स टानर या स्विस संशोधकाने १९८१ मध्ये हा चोर पकडला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. पण यातली खोच वेगळीच आहे. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की टीसीए नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींचे संदेशच दाबतं. म्हणजे मात्रा अगदी कमी असेल तर कुबट वास येतच नाही, फक्त वाइन मुकी होते: फळ नाही, फूल नाही, नुसतं आंबट-तुरट पाणी. अशी बाटली बिघडलीय हे कोणालाच कळत नाही आणि माणूस त्या शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराचं, नाव कायमचं खोडून टाकतो.

मग मिटलेली वाइन आणि अशी मुकी वाइन वेगळी कशी ओळखायची? दोन तास सुरईत ठेवा. मिटलेली थोडी तरी खुलते. टीसीएची बाटली हवेने बिघडत जाते, कुबटपणा वर येतो. अन्न गुंडाळायची प्लास्टिकची पातळ फिल्म वाइनमध्ये बुडवून टीसीए शोषून घेण्याची युक्ती ऐकली असेल. पॉलिथिलीन ते खरंच थोडं ओढतं, पण बरोबर वासही ओढतं. हाती उरतं ते पिण्यालायक पाणी. दुकान जवळ असेल तर बाटली बदलून मागा, नसेल तर ओतून द्या. रस्सा करायलाही वापरू नका, शिजवून हा वास जात नाही.

जाता जाता, आधी रिकामा ग्लास हुंगा. डांबरगोळ्यांच्या कपाटातला ग्लास, भांड्याच्या साबणाचा थर, ओल्या फडक्याचा वास, यावरून निर्दोष बाटल्यांना फाशी झालेली मी पाहिली आहे. साध्या पाण्याने विसळा, पालथा न घालता सुलटा वाळवा.

बाकीचे वास, पटापट

नासकं अंडं किंवा नुकतीच विझलेली काडी: गंधकाची संयुगं, हवा न मिळाल्याने कोंडलेली. बरेचदा सुरईत जोरात ओतल्यावर अर्ध्या तासात जातात. जात नसेल तर तांब्याचा स्वच्छ घासलेला तुकडा ग्लासात फिरवा, तांबं गंधकाला धरतं. आजीच्या तांब्याच्या भांड्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

गोठा, घोड्याचा तबेला, जखमेवरची चिकटपट्टी: ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट. पिंपात राहतं. त्याचा हा वास ४-एथिलफिनॉलचा, आणि त्यावरचं महत्त्वाचं काम १९९० च्या दशकात बोर्दोच्याच पास्काल शातोने यांनी केलं. थोडा असेल तर जुन्या पिढीतल्या लोकांना तो आवडायचाही, चामड्याचा वास म्हणून कौतुक व्हायचं. जास्त असेल तर फळाचा पत्ता लागत नाही. हवेने जात नाही.

ढोबळी मिरची, हिरवट: दोष नाही. काबर्ने नीट पिकली नाही की येतो, थंड सालात जास्त. मला मोजका आवडतो.

नेलपॉलिश किंवा व्हिनेगर: बाष्पशील आम्लं आणि त्यांचे भाऊबंद वाढलेत. उपाय नाही.

शिजवलेलं फळ, मोरावळा, तपकिरी झाक: बाटली तापली. यावर थोडं थांबू, कारण आपल्याकडे हा रोग सगळ्यात जास्त आहे.

बाटली ठेवायची कुठे

फ्रिजच्या वरची जागा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. मागून गरम हवा, सतत थरथर, वर उजेड. वाइनला हवेत १२ ते १४ अंश, अंधार, साधारण सत्तर टक्के दमटपणा आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहून घट्ट बसतं. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की वेग दुपटीच्या आसपास जातो. चाळीस अंशांच्या मे महिन्यात वाइन जुनी होत नाही, शिजते. द्रव फुगतो, बूच वर ढकललं जातं, रात्री गार झाल्यावर हवा आत ओढली जाते.

उघडण्याआधीच ओळखायच्या खुणा: वरचं आवरण फिरवून बघा, फिरत नसेल तर खाली वाइन पाझरून चिकटलेली असू शकते. बूच बाटलीच्या काठापेक्षा वर आलंय? मानेतली पातळी खांद्यापर्यंत उतरलीय? तीस वर्षांच्या बाटलीत हे चालतं, पाच वर्षांच्यात नाही.

वाइनचा वेगळा फ्रिज परवडत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मार्च ते जून भाजीच्या कप्प्यात आडवी, जुन्या टॉवेलात गुंडाळून. वर्षानुवर्षं साठवायला साधा फ्रिज योग्य नाही, पण लोखंडी कपाटापेक्षा शंभर पटीने बरा. आणि खरं सांगायचं तर पुण्यात कूलरशिवाय दहा वर्षं वाइन जुनी करण्याच्या फंदात पडू नका. जुनी झालेलीच विकत घ्या, तिच्यावर कुणीतरी आधीच भाडं भरलेलं असतं.

विमानाने आणलेली बाटली लगेच उघडू नका. एक-दोन आठवडे पडू द्या. जुनी आणि गाळाची असेल तर महिनाभर.

गाळ आणि तुटकं बूच

दाजींचा पुढचा प्रश्न: "तळाशी कॉफीसारखा चोथा होता. नासली होती?" नाही. तो टॅनिन, रंग आणि टार्टारिक आम्लाचे स्फटिक यांचा गाळ, पोटात गेला तरी काही होत नाही. पण तोंडात मात्र कडू आणि वाळूसारखा लागतो, आणि "शेवटचा ग्लास कडू होता" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा तोच.

चुन्याची निवळी आठवते? तोच प्रकार. बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवा. हात न थरथरता बूच काढा, मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा (शौकीन मेणबत्ती लावतात) आणि एका दमात, न थांबता सुरईत ओता. सुरुवातीला मानेतून माणकासारखा स्वच्छ रंग जातो. मग खांद्याशी धुरासारखी एक बारीक रेघ सरकताना दिसते, तिच्यामागे काळपट चूर्ण. रेघ मानेत शिरली की हात उचला. बोर्दोच्या बाटलीचे खांदे असे चौकोनी असण्याचा फायदा इथे होतो, गाळ तिथे अडतो. दोन-तीन बोटं वाइन मागे राहील, राहू दे.

जुनं बूच भुसभुशीत असतं. स्क्रू लावला की मधोमध तुटतं. दोन पात्यांचं उघडणं मिळतं, ते बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून पिळत वर काढायचं. वीस वर्षांपुढच्या बाटलीला तेच वापरा. तुटून आत पडलंच तर धुतलेल्या मलमलीतून गाळा. चहाची गाळणी नको, तिला चहाचा वास असतो. जुनी वाइन मात्र गाळून झाली की लगेच प्या. तीस वर्षांची बाटली अर्ध्या तासात फुलते आणि कधीकधी तासाभरात विझते.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. फार तुरट तरुण वाइन दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे दाजींना मी सांगेपर्यंत ताईने ती बेसिनमध्ये ओतली होती.

दुसरी बाटली जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर उघडली, मी व्हिडिओ कॉलवर. वरचं आवरण फिरलं. बूच जागेवर होतं. ती दोन महिने भाजीच्या कप्प्यात होती. स्टीलच्या जगात दोन तास, दुधाच्या थर्मामीटरवर १७. जेवायला पांढरा रस्सा. दाजींनी घोट घेतला, हिरड्यांवरून जीभ फिरवली, पुन्हा घेतला.

"तुरट आहे," ते म्हणाले. "पण जांभळासारखी. केळ्यासारखी नाही."

मागून ताईचा आवाज आला, "ती बाटली गेली ना कप्प्यातून? मेथी दोन महिने वर ठेवतेय मी."